तापलेले इंजिन आणि रूपसिंगची तारीख

रविवार, ता. ३ एप्रिल १९३८. सकाळ.

मोटर आली. दारासमोर लिंबाच्या सावलीत उभी आहे. उमेदमल शेठांच्या कापसाच्या जिनाची ही जुनी गाडी. त्यांनी नवी घेतली, ही मला दिली. चार सिलिंडर. वरचे कापडी छत एका कोपऱ्यात फाटलेले, बाकी तब्येत ठणठणीत. निम्मे नंदुरबार येऊन बघून गेले.

ड्रायव्हर ठेवणार नाही. गावोगाव स्वावलंबनावर व्याख्याने देणाऱ्याने दुसऱ्याच्या हाताने गाडी सुरू करावी, यासारखा दंभ नाही! हँडल मी मारीन, चाक मी धरीन, चिखल मी धुवीन. (चिखलाबद्दल पुन्हा विचार करावा लागेल.)

जसोदाबाई, आमची अर्धांगी, ओसरीतूनच बघून गेली. म्हणाली, "आंगनमा उभी शे तवर बरी दिखस." माझ्या घरात वेगाला मान नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

रूपसिंग आला होता. तळोद्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्याचा पाडा. जंगलाची हद्द नव्याने आखली त्यात त्याचे शेत हद्दीच्या दगडांच्या आत गेले. आज्याच्या वेळेपासून कसत आलेत. अपील मी केले आहे, फीशिवाय. तत्त्वाचा प्रश्न आहे. तारीख बुधवार २७, धुळ्याला, सकाळी अकरा. त्या वेळी आमच्यातले कोणी हजर नसले तर अपील फेटाळले जाईल आणि आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, त्याला त्या शेतात नांगर घालता येणार नाही. सात माणसे त्या शेतावर जेवतात.

सांगितले, तुला माझ्या मोटारीतून नेतो. तो म्हणाला, "सर्व्हिस शे ना साहेब, पहाटले निंघस." मी समजावले की सर्व्हिस मोटर, म्हणजे उतारूंची भाड्याची बस, कोंबडी चढवायलासुद्धा थांबते. उलट, आपला पक्षकार वकिलाबरोबर खासगी मोटारीतून उतरला की पट्टेवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांवर छाप पडते. तो मोटारीकडे बराच वेळ बघत राहिला. कृतज्ञता माणसाला मुका करते.

मंगळवार, ता. ५.

सकाळी एका हँडलमध्ये सुरू. वाघासारखी डरकाळी. स्टेशनापर्यंत जाऊन आलो, वाटेत बाजारात पाच मिनिटे थांबलो. शेठांना नमस्कार केला, परत आलो, हँडल मारले. नाही. पुन्हा. नाही. चोकची (जादा पेट्रोल सोडणारी) दोरी ओढून पुन्हा. नाही.

गर्दी जमली. शेठ पेढीवरून म्हणाले, "हिलालराव, माझ्याकडे होती तेव्हा तर चालायची. तुम्ही तिला भाषण ऐकवलं काय?" लोक हसले. श्रीमंतांच्या विनोदाला लोक लवकर हसतात.

जमलेल्या लोकांना यंत्रयुग आणि मनुष्याचा धीर या विषयावर चार शब्द सांगितले. चाराचे थोडे जास्त झाले असतील. तासाभराने सहज हँडल फिरवले तर गाडी सुरू! टाळ्या पडल्या. भाषणाला की गाडीला हे कळले नाही, पण पडल्या.

कारण स्पष्ट आहे. पेट्रोलमध्ये भेसळ.

गुरुवार, ता. ७.

पेट्रोल बदलले. तेच. थंड असता एका झटक्यात चालू. तापली, थांबवली, की मेली. तासाभराने पुन्हा जिवंत.

सगळे म्हणतात, तापली म्हणून. हा तर्काचा खून आहे! तापलेल्या तव्यावर भाकरी लवकर भाजते. तापलेल्या माणसाला बोलायला शब्द शोधावे लागत नाहीत. तापलेले इंजिन उलट लवकर सुरू झाले पाहिजे. उष्णता म्हणजे चैतन्य. दोष दुसरा आहे आणि तो मी वाचून शोधणार.

मुंबईहून मागवलेले मोटारशास्त्राचे इंग्रजी पुस्तक आज आले. साडेतीनशे पाने, आकृत्या. दुपारभर वाचले. पान एकवीसवर ठळक अक्षरात दिले आहे: इंजिन सुरू करण्यापूर्वी चोक पूर्ण ओढावा. पूर्ण! मी आजवर अर्धा ओढत होतो. घाबरट माणसासारखा. सगळा घोटाळा इथे आहे.

उद्यापासून पूर्ण.

शनिवार, ता. ९.

प्रकाशा गावी व्याख्यान. विषय: स्वावलंबन.

तापीच्या काठी दोन नावा जोडून तराफा केलेला असतो, त्यावर मोटर चढवतात. नावाडी म्हणाला, "मशीन बंद करा, नावले आग लागी जाई." अडाणी भीती, पण पाण्यात वाद घालू नये. बंद केले. पलीकडे उतरायची वेळ आली. चोक पूर्ण ओढला. हँडल. काही नाही. पुन्हा पूर्ण ओढला. नुसता पेट्रोलचा वास.

काठावर अठरा बैलगाड्या तराफ्याची वाट बघत. गाडीवान काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी चौदा जणांनी ढकलून वाळूतून वर काढली. आत बसून चाक मी धरले होते.

सभा मोठी झाली. देवळासमोरचे आवार भरले. पुढे बसलेला एक म्हातारा दर दहा मिनिटांनी विचारी, "भाषन कव्हय सरी?" त्याला विचारले, बाबा, एवढी घाई का? तर म्हणाला, "आम्ही ढकलाले बठेल शेतस." इतकी आतुरता मी कुठल्या गावात पाहिली नाही.

सव्वा तास बोललो. नंतर गाडी पहिल्या हँडलला सुरू झाली. ढकलायला बसलेली मंडळी हिरमुसली.

रविवार, ता. १०.

सलाउद्दीन मिस्त्री स्वतःहून आला. त्याचे दुकान टेकडीखाली आहे. जिनाची इंजिने, पिठाच्या गिरण्या, सायकली, जे फिरते ते सगळे तो दुरुस्त करतो. लिहिता वाचता येत नाही. एक प्लग काढला, नाकाशी धरला, मला दिला. ओला होता.

म्हणाला, "वकीलसाब, तापेल इंजिनले चोक कसाले? पोट भरेल मानूसना तोंडमा तुमी आखो मांडा कोंबी ऱ्हायनात. तो उठी का?"

मी शांतपणे विचारले, हे कुठल्या पुस्तकात आहे?

म्हणाला, "किताब? हाई मन्हं नाक शे ना, हीच मन्ही किताब."

त्याला पान एकवीस दाखवले. त्याने पुस्तक उलटे धरून आकृती पाहिली आणि म्हणाला, चित्र छान आहे, पण हा साहेब बर्फात उभा दिसतो. मी सांगितले की विज्ञानाला हवामान नसते. न्यूटनचे फळ नंदुरबारातही खालीच पडते. तो म्हणाला, "पडस ना. पन आठे आंबा पडस."

माणूस प्रेमळ आहे. धुळ्याला सोबत येतो म्हणाला, पैसे नकोत. नको म्हटले. एकदा मिस्त्री बरोबर घेतला की मग ड्रायव्हर, मग क्लीनर, मग आपण नुसते गाठोडे. तत्त्व एका ठिकाणी वाकले की सगळीकडे वाकते.

बुधवार, ता. १३.

नवा शोध. इंजिनाला सर्दगर्मी होते. घामाघूम माणूस वाऱ्यात बसला की अंग धरते, तसे धावून तापलेले इंजिन एकदम उभे राहिले की त्याला वारा बाधतो. पान एकशे चारवर आहे: थंडीत रेडिएटरवर जाड आच्छादन घालावे. जसोदाबाईची गोधडी घेतली. ती म्हणाली, "मन्ही मायनी शिवेल शे ती." म्हटले, राष्ट्रकार्य आहे.

गोधडी बांधून रनाळ्यापर्यंत गेलो. अर्ध्या वाटेत बॉनेटमधून वाफेचा लोट. आगगाडीच वाटली. एका बाईने पाटीतले पोर खाली ठेवून हात जोडले. पाणी ओतले, दीड तास थांबलो.

गोधडी जळाली नाही. करपली. जसोदाबाईने ती धुतली, वाळत घातली आणि वाळेपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसली. हे भाषणाला उत्तर देण्यापेक्षा वाईट असते.

शुक्रवार, ता. १५.

रूपसिंग आला. सोळा कोस चालून. म्हणाला, तारीख कधी ते पुन्हा ऐकायला आलो. ओसरीवर बसवले.

युक्तिवाद लिहितो आहे. बावीस पाने झाली. सुरुवात रोमन कायद्यापासून, मग मनू, मग जमीन कसणाऱ्याचा निसर्गदत्त हक्क, मग एक जळजळीत समारोप. साहेबाच्या हातातली लेखणी थांबेल. रूपसिंग मधेच काहीतरी सांगू लागला. त्याला म्हटले, थांब, ओघ तुटतो. तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. त्याला समारोप वाचून दाखवला. त्याने विचारले, "साहेब, येम्हा मन्हं शेत कोठे शे?" सांगितले, सगळ्यात आहे, तत्त्वात आहे.

जाताना पुन्हा विचारले, "सर्व्हिसमा जाऊत का?" म्हटले, तुझा माझ्यावर विश्वास आहे की नाही? तो खाली बघून म्हणाला, "शे." जसोदाबाईने त्याला भाकरी आणि ठेचा दिला. दाराशी दोघे हळू आवाजात बोलत होते. माझ्याबद्दल असावे, चांगले असावे.

सोमवार, ता. १८.

तोडगा सापडला. इतका सोपा की हसू येते. इंजिन बंदच करायचे नाही!

शनिमांडळला सभा होती. गाडी व्यासपीठाच्या शेजारी चालू ठेवली. धडधड धडधड. मी आवाज चढवला, इंजिनानेही चढवला. मागचे लोक कानाला हात लावून पुढे सरकले, पुढचे धुरामुळे मागे सरकले. पाऊण तास झुंज दिली. ऐन समारोपात इंजिन थांबले आणि माझे शेवटचे वाक्य एकदम सगळ्या गावाला ऐकू गेले: "आपण कोणाच्याही आधारावाचून उभे राहू!" पेट्रोल संपले होते.

बैलजोडी लावून आणली. बारा मैल. बैल हाकणारा रस्ताभर गात होता.

बुधवार, ता. २०.

उमेदमल शेठ रस्त्यात भेटले. म्हणाले, "वकीलसाहेब, गाडी परत देता? नाहीतर बैल ठेवा, मी जू फुकट देतो." मी म्हणालो, शेठजी, इतिहास हसणाऱ्यांनी घडवलेला नाही. ते म्हणाले, ढकलणाऱ्यांनी घडवला असेल.

हे उत्तर त्यांनी घरून ठरवून आणले असणार.

जरा उदास वाटते. गाडीमुळे नाही. रूपसिंगच्या शेताचा नकाशा काल पुन्हा पाहिला. कागदावर ते इतके लहान आहे की बोटाखाली झाकले जाते.

शुक्रवार, ता. २२.

बसून विचार केला. गाडी थंड असता एका हँडलमध्ये सुरू होते. चालत असते तोवर चालत राहते. बिघाड फक्त थांबून पुन्हा सुरू करताना. म्हणजे न थांबता गेलो तर बिघाड अस्तित्वातच नाही! ज्या प्रसंगी दोष प्रकट होतो तो प्रसंगच येऊ द्यायचा नाही. तर्कशास्त्रात याला तोड नाही.

बेत: सत्तावीसला पहाटे पाचला निघायचे. साठ मैल. वाटेत कुठेही थांबायचे नाही. नऊच्या आत धुळे. दोन तास हातात. साहेबापुढे बोलण्यापूर्वी घसा शेकायलासुद्धा वेळ.

जसोदाबाईने विचारले, "आनि रेल्वेनं फाटक बंद व्हई ते?" म्हटले, उघडे असेल. ती म्हणाली, "सलाउद्दीनभाईले लई जा ना, कसाले भांडतस?" भांडत नाही, तत्त्व आहे. ती म्हणाली, "तत्त्व तुमनं, शेत त्या गरीबनं."

ह्या वाक्यात वक्तृत्व नाही, तरी दिवसभर डोक्यात राहिले.

मंगळवार, ता. २६. संध्याकाळ.

रूपसिंग येऊन ओसरीवर मुक्कामाला आहे. बरोबर एक फडके, त्यात जुन्या पावत्या आणि दोन भाकरी. बावीस पाने माझ्या कोटाच्या आतल्या खिशात. पेट्रोलचे दोन डबे मागे बांधले. रेडिएटर भरला. सगळे सिद्ध. मन शांत.

मन शांत आहे हे तीनदा तपासले.

बुधवार, ता. २७. सकाळी ५.

एका हँडलमध्ये सुरू. शुभशकुन. रूपसिंग शेजारी बसला. दोन्ही हातांनी दार धरले आहे. इंजिन चालू ठेवून हे लिहीत आहे. निघतो.

सकाळी ७.

दोंडाईच्याच्या अलीकडच्या रेल्वे फाटकाजवळ लिहितो आहे. घडलेले नीट नोंदवून ठेवले पाहिजे, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करणार नाही.

सव्वासहाला इथे आलो. अप्रतिम वेग. फाटक बंद. मालगाडीचे डबे इकडून तिकडे चालले होते. मी इंजिन चालू ठेवून उभा राहिलो, बेताप्रमाणे. इथपर्यंत माझी काही चूक नाही.

फाटकाशी पन्नास-साठ माणसे, केळीच्या गाड्या, लग्नाच्या दोन दमण्या, म्हणजे छपराच्या बैलगाड्या. सगळे हताश होऊन रुळांकडे बघत होते. एक गाडीवान म्हणाला, "येस ना राज शे भो, आपुन थांबानं." ह्यांचे राज्य आहे, आपण थांबायचे! हे वाक्य ऐकून मी कसा गप्प बसणार? उभा राहिलो. बोलू लागलो. इंजिनाच्या आवाजात कोणालाच ऐकू येईना. पाच मिनिटांचा प्रश्न. फक्त पाच.

रूपसिंग म्हणाला, "साहेब, नका." मी बंद केले.

भाषण चांगले झाले. फाटक उघडताच श्रोते मात्र वाक्य अर्धे टाकून निघून गेले. लग्नाचे वऱ्हाडही. चोक पूर्ण ओढला, हँडल मारले.

सकाळी ७.२५.

चोक पूर्ण ओढून बारा वेळा. रूपसिंग ढकलतो आहे. रस्ता चढाचा आहे. त्याच्या पाठीचा सदरा भिजला.

सकाळी ७.४०.

मागून सर्व्हिस मोटर आली, फाटकाशी हळू झाली. रूपसिंगने विचारले, "साहेब, मी जाऊ का?" मी बॉनेटमध्ये डोके घालून होतो, हात काळे, मनात हजार विचार. म्हणालो, "विश्वास नसेल तर जा!"

हे वक्त्याचे वाक्य होते. त्याला उत्तर द्यायचे नसते. कुठल्याही सभेत कोणी उठून गेलेले नाही.

डोके वर काढले तेव्हा तो फडके काखेत धरून सर्व्हिसच्या पायरीवर उभा होता. आत जागा नव्हती. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. मी हात उंचावला. थांब असे सुचवण्यासाठी. त्याला तो निरोप वाटला आणि त्यानेही हात उंचावला.

सकाळी ८.३०.

विश्वासघात. बावीस पाने माझ्या खिशात, आणि तो तिथे मुका उभा राहणार. साहेब विचारील आणि हा खाली बघेल. अपील फेटाळले जाईल. आणि दोष माझ्यावर येईल.

दर दहा मिनिटांनी चोक ओढून प्रयत्न चालू. चिकाटी सोडलेली नाही.

सकाळी ९.४५.

फाटकवाला सुपडू चहा घेऊन आला. म्हणाला, "साहेब, तिले जराक बसू द्या ना." सर्वांना तिची दया. माझी कोणाला नाही. खांदा भरून आला आहे. तळहाताला फोड. तिकडे अकरा वाजायला सव्वा तास आहे. डोंगराच्या पायथ्याशी सात माणसे काय करत असतील असा विचार येतो आणि मी तो हाकलतो.

सकाळी १०.३५.

नीट लिहितो. खांद्यामुळे मी दगडावर बसलो. वीस-पंचवीस मिनिटे गाडीला हात लावला नाही. सुपडू सहज पुढे गेला, हँडल धरले आणि एकदा फिरवले. सुरू.

विचारले, चोक ओढलास? तो घाबरला. म्हणाला, "कोनता चोक साहेब? मले काय माहीत, मी नुसतं फिराई दिधं."

योगायोग.

दुपारी १.२०. धुळे.

कोर्टाच्या आवारात पोचलो. इंजिन बंद करायची हिंमत होईना. ते चालू ठेवूनच पायऱ्यांपर्यंत धावलो. पट्टेवाला ओळखीचा. म्हणाला, "रूपसिंगचं का? अकराला पुकारलं, सव्वाअकराला संपलं."

त्याचा हात धरला. विचारले, फेटाळलं?

म्हणाला, "छे. त्याच्या पावत्या बघून जुनी मोजणी मान्य केली साहेबांनी. शेत त्याचंच." मग खाली मान घालून हसत पुढचे सांगितले. साहेबाने विचारले, वकील कुठे आहेत? रूपसिंग म्हणाला, "मोटर चालू करी ऱ्हायनात." सगळे कोर्ट हसले. साहेब म्हणाला, बरं, मग तूच सांग. आणि त्याने सांगितले.

परत आवारात आलो तर इंजिन आपले आपण बंद पडले होते.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

रूपसिंग आवारातल्या कडुनिंबाखाली भाकरी खात होता. मला पाहून उठला. अर्धी पुढे केली. मी घेतली, सकाळपासून काही खाल्ले नव्हते.

त्याला म्हटले, अभिनंदन. म्हटले, माझ्या अर्जाची भाषा भक्कम होती, त्याचा पाया झाला. तो म्हणाला, हो साहेब. म्हटले, साहेबाच्या मनावर त्या अर्जाचा परिणाम आधीच झालेला असणार. तो म्हणाला, हो साहेब. तिसऱ्या वाक्याला मला शब्द सुचेना. असे वीस वर्षांत झालेले नाही.

मग विचारले, तू काय सांगितलेस?

तो म्हणाला, "तेच साहेब. तुमले ओसरीवर सांगेल व्हतं ना, तेच."

मी हो म्हणालो. हो, हो, ते.

चोक न ओढता हँडल मारले. सुरू झाली. रूपसिंग शेजारी बसला. परतीच्या वाटेवर साठ मैल एकही शब्द बोललो नाही.

गुरुवार, ता. २८.

रूपसिंग पहाटेच पायी पाड्याकडे गेला. मोटारीने सोडतो म्हटले होते. म्हणाला, लवकर पोचायचे आहे.

जसोदाबाईने चुलीपुढून सगळे विचारून घेतले. शेत राहिले ऐकून तिने पदराने डोळे पुसले, धूर नव्हता. मग म्हणाली, "आनि काय बोल्ना व्हता तो कोर्टमा? सांगा ना."

मी पाटावर सरळ बसलो. घसा साफ केला.

ती वाट बघत राहिली. हातातली भाकरी तव्यावर टाकायची विसरली.

मी पाणी मागितले.